नर्सरी बाग : वारसा कोणाचा?

कोल्हापुरात बागांची नावे पुष्कळ आहेत; बागा थोड्या उरल्या आहेत. खासबाग म्हटले की आज कुस्तीचे मैदान डोळ्यांपुढे येते. बेलबाग ही मंगळवार पेठेतील दाट वस्ती आहे. तेथे बेलाची झाडे कोठे होती असे विचारले तर तिथली तरुण मुले हसतात. संस्थानी काळातील बागा गेल्या आणि नावे पत्त्यापुरती राहिली. या नावांपैकी एका नावाचा विचार या नियतकालिकाच्या वाचकांनी मुद्दाम केला पाहिजे. ते नाव म्हणजे नर्सरी बाग.

नावावरूनच तिचे मूळ काम कळते. नर्सरी म्हणजे रोपवाटिका. येथे रोपे करायची आणि येथून ती इतरत्र न्यायची. परंतु आपल्या दृष्टीने या बागेचे महत्त्व वेगळे आहे. राजर्षी शाहू छत्रपतींचे पहिले स्मारक १९२५ साली याच बागेत उभे राहिले. ते उभारण्यात पुढाकार कोणा सरदाराचा वा जहागीरदाराचा नव्हता. तो गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातील चहाच्या दुकानदाराचा होता. ही घटना कोल्हापुरात बहुतेकांना ऐकून माहीत असते. परंतु ती एक हृद्य आठवण म्हणून सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. ती बागेतच का घडली, बाग आणि अस्पृश्यता यांचा संबंध काय, आणि आज वारसा या शब्दाखाली आपण नेमके काय जपतो, हे प्रश्न कोणी विचारत नाही. ते विचारावेत यासाठी हा लेख आहे.

१

प्रथम परिसर समजून घेऊ. भाऊसिंगजी रोडने जुन्या राजवाड्याकडून पंचगंगेच्या दिशेने निघाले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय लागते. संस्थानी काळात ते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते. त्याच्या परिसरातच टाउन हॉल आहे. चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याने आखलेली ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. तिच्याभोवती जुन्या वृक्षांची बाग आहे, आत वस्तुसंग्रहालय आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाचा पाया जवळच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात सापडलेल्या वस्तूंनी घातला. दुसऱ्या बाजूला दसरा चौक आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीच्या नावाने शाहू महाराजांनी १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेले मिस क्लार्क बोर्डिंग याच भागात आहे. आणि या सगळ्याच्या लगत, मोठ्या इमारतींच्या पाठीमागे, सिद्धार्थनगर ही आपली जुनी वस्ती आहे. नर्सरी बाग तिला लागून आहे.

म्हणजे पंधरा-वीस मिनिटांच्या चालीत संस्थानाचे हॉस्पिटल, संस्थानाचा टाउन हॉल, संस्थानाची रोपवाटिका, अस्पृश्यांचे बोर्डिंग आणि अस्पृश्यांची वस्ती एवढे सारे येते. शहराच्या इतिहासाची पुस्तके यांपैकी पहिल्या तीन गोष्टींना प्रकरण देतात. बोर्डिंगला परिच्छेद मिळतो. वस्तीला ओळही मिळत नाही. हा केवळ लेखकांचा दोष नव्हे. दगडी इमारतीला बांधल्याचे साल असते, खर्चाचा आकडा असतो, अभियंत्याचे नाव असते. वस्तीला यांपैकी काहीच नसते. जिथे कागद नसतो तिथे इतिहास नसतो, असे आपण मानत आलो आहोत. कागद कोणाच्या हातात होता, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही.

वस्तीच्या नावाचेही असेच आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील कितीतरी महारवाड्यांनी आपली नावे स्वतः बदलली आणि सिद्धार्थनगर, पंचशीलनगर, आंबेडकरनगर अशी नावे घेतली. ज्यांना स्वतःचे नावही दुसऱ्यांनी दिलेले होते त्यांनी जागेला नाव देणे ही साधी गोष्ट नाही. ती आपल्या इतिहासातील एक मोठी कृती आहे. तरीही कोणत्या वस्तीने, कोणत्या बैठकीत, कोणाच्या सूचनेवरून नाव बदलले याची नोंद बहुतेक ठिकाणी कोणी केलेली नाही.

२

आता बागेकडे वळू. बाग म्हटले की मराठी साहित्यात फुले येतात, चांदणे येते, नायक-नायिका येतात. बागेत खड्डे असतात, शेणखताच्या पाट्या असतात आणि पाण्याचा हिशेब असतो, हे त्या साहित्याला दिसत नाही, कारण ते लिहिणारे बागेत संध्याकाळी येत असत. खड्डे दुपारी काढले जातात.

फळबाग कशी उभी राहते हे एकदा नीट पाहिले पाहिजे. उन्हाळ्यात दोन-तीन हात खोल खड्डे काढून ते तापू द्यायचे. त्यात पालापाचोळा, शेणखत, गाळाची माती भरायची. पहिला पाऊस झाला की रोप लावायचे. पुढे पहिली तीन-चार वर्षे उन्हाळ्यात आळ्याला पाणी द्यायचे. पाणी विहिरीतून मोटेने काढायचे, थारोळ्यात ओतायचे, पाटाने सोडायचे आणि आळ्याआळ्याशी माती फोडून, पुन्हा लावून वळवायचे. याला आमच्याकडे दारे धरणे म्हणतात. शिवाय खुरपणी, कुंपण, राखण. कोयीपासून वाढलेला रायवळ आंबा सात-आठ वर्षांनी फळाला येतो आणि पुढे दोन-तीन पिढ्यांना पुरतो. फळबाग ही वर्षानुवर्षांच्या श्रमाची ठेव असते.

या श्रमाची वाटणीही जातीने केलेली होती. रोप करणे, कलम बांधणे, फूल-फळ उतरवणे हे जाणत्याचे काम. खड्डा, माती, खत, ओझे हे ज्यांच्या जाणतेपणाची नोंद कोणी घेतली नाही त्यांचे काम. माझे आजोबा करवीर तालुक्यातील एका गावात पाटलाच्या मळ्यात दारे धरत. आजी त्याच मळ्यात खड्डे काढायला आणि पाट्या टाकायला जाई. घरात अक्षर नव्हते. मी आमच्या घरातील पहिला पदवीधर. ती दोघे सांगत ती एक गोष्ट मला पुस्तकांतून कोठेच मिळाली नाही. पाटात उतरलेले पाणी आजोबांच्या हाताखालून, पायाखालून जाई. ते झाडाला चाले. त्याच विहिरीचे पाणी तहान लागल्यावर मात्र वरून ओंजळीत ओतून घ्यावे लागे, आणि ओतणारा कोणी नसेल तर नदीपर्यंत चालत जावे लागे. विहिरीच्या काठावर पाय ठेवायचा नाही. झाडाला पाणी घातले तर विटाळ नाही, तांब्यात घेतले तर विटाळ. आजीला यात काही विशेष वाटत नसे. तिने ते सांगावे तसे सांगितले, जसे आपण पावसाचे सांगतो.

अस्पृश्यता कशी चालत होती हे समजण्यासाठी या एका गोष्टीवर थांबणे आवश्यक आहे. अस्पृश्यता म्हणजे स्पर्शाची किळस, असे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. ते पुरेसे नाही. किळस असती तर ती सर्व गोष्टींना सारखी लागू झाली असती. प्रत्यक्षात विटाळाच्या नियमात मोठा व्यवहारीपणा होता. अस्पृश्याने कापलेले धान्य चालत असे. त्याने फोडलेले सरपण चालत असे. त्याने खत घातलेल्या झाडाचा आंबा चालत असे; तो देवापुढेही ठेवता येत असे. पुष्कळ गावांत सणाला दारावर आंब्याच्या पानांचे तोरण बांधण्याचे काम मांगाकडेच असे, आणि त्या तोरणाखालून जाताना कोणी अंघोळ करीत नसे. चालत नसे ते पाणी आणि शिजवलेले अन्न. म्हणजे ज्यातून श्रमाचे फळ वर जाते ते सारे शुद्ध, आणि ज्यातून माणूस माणसाच्या बरोबरीला बसतो ते सारे अशुद्ध. कच्चे फळ घेताना देणाऱ्याशी नाते जोडावे लागत नाही. पाणी घेताना ते जोडावे लागते. विटाळाचा नियम माल अडवीत नव्हता, नाते अडवीत होता. बागेत हा नियम उघड दिसतो, म्हणून बाग हे अस्पृश्यतेच्या अभ्यासाचे एक चांगले ठिकाण आहे.

३

गंगाराम कांबळे यांची हकीकत या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे तिचा खरा अर्थ लागतो.

गंगाराम हे शाहू महाराजांच्या पदरी राजवाड्याच्या नोकरीत होते. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला त्यांनी हात लावला, म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर गंगाराम आणि त्यांचे सोबती महाराजांना भेटले. महाराजांनी मारणाराला शिक्षा केली आणि गंगाराम यांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढण्यासाठी मदत केली. त्यातून भाऊसिंगजी रोडवर त्यांचे चहाचे दुकान उभे राहिले. अस्पृश्याचा चहा प्यायला सवर्ण येणार नाहीत हे उघडच होते. तेव्हा महाराज स्वतः घोड्यांच्या गाडीतून त्या दुकानासमोर थांबू लागले. ते चहा घेत आणि बरोबरच्या वरिष्ठ जातीच्या मंडळींनाही तो घ्यायला लावीत.

ही गोष्ट राजाच्या मनाचा मोठेपणा दाखवण्यासाठी सांगितली जाते. मोठेपणा होताच. परंतु त्यातील विचार अधिक महत्त्वाचा आहे. गंगाराम यांना फळांचे दुकान काढून दिले असते तर काय झाले असते? बहुधा काहीच झाले नसते. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे त्यांच्याकडचे पेरू-आंबे लोकांनी कुरकुर करीत का होईना घेतले असते, आणि जातीची चौकट जशीच्या तशी राहिली असती. चहा म्हणजे पाणी, दूध आणि विस्तव. हौदाच्या ज्या पाण्यावरून माणसाला मारले, तेच पाणी त्याच्या हाताने उकळून, त्याच्याच कपातून, भर रस्त्यावर प्यायचे. नियमाचा जो नेमका खिळा होता त्यावरच घाव घातलेला दिसतो.

महाराजांच्या त्या काळातील हुकुमांतही हीच दृष्टी दिसते. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला. १९१९ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम निघाला. त्याच साली सरकारी रुग्णालयांत अस्पृश्य रुग्णांना प्रेमाने वागवावे, ज्या नोकरांना ते जमत नसेल त्यांनी नोकरी सोडावी, अशी आज्ञा झाली. शाळेचा बाक, हॉस्पिटलची खाट आणि चहाचा कप ही तिन्ही ठिकाणे माणसे एकमेकांजवळ येण्याची आहेत. धान्याच्या कोठाराला किंवा फळांच्या बागेला अशा हुकुमाची गरज नव्हती. तेथे आपले श्रम आधीच दाखल झालेले होते.

४

शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी मुंबईत झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२५ साली, गंगाराम कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारले. मोठी इमारत नाही, पुतळा नाही. गरिबांच्या ऐपतीत बसेल असे ते स्मारक होते.

या कृतीकडे केवळ कृतज्ञता म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. राजाविषयी कृतज्ञता असणे साहजिक होते. परंतु कृतज्ञ माणूस घरात तसबीर लावूनही कृतज्ञ राहू शकतो. सार्वजनिक जागेत स्मारक उभारणे ही वेगळी गोष्ट आहे. स्मारक उभारणारा असे म्हणत असतो की, या माणसाची आठवण कशी ठेवायची हे मीही ठरवणार. अस्पृश्यांना तोवर सार्वजनिक जागेत असण्याचाही हक्क नव्हता. सार्वजनिक जागेत कशाची आठवण राहावी हे ठरवण्याचा प्रश्नच नव्हता. १९२५ साली नर्सरी बागेत त्यांनी तो हक्क वापरला. दोन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी पाण्याचा हक्क वापरला. या दोन घटना आकाराने तुलनेच्या नाहीत. पण दोन्हींच्या मुळाशी पाणी आहे आणि दोन्हींत सार्वजनिक जागेवरचा दावा आहे.

येथे एक शंका निघेल. राजाचे स्मारक उभारणे म्हणजे राजाश्रयाची मानसिकता नव्हे काय? आपल्या चळवळीतील तरुण मित्र ही शंका घेतात आणि ती घेतलीच पाहिजे. तिचे उत्तर माणगावात आहे. मार्च १९२० मध्ये, कागल जहागिरीतील माणगावला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान तिशीही न गाठलेल्या आंबेडकरांकडे होते. तेथे शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. आपल्या आश्रयाला राहा, असे न म्हणता स्वतःचे नेतृत्व स्वतः उभे करा, असे सांगणारा हा राजा होता. अशा माणसाचे स्मारक करणे हे आश्रिताचे लक्षण ठरत नाही.

याच शहराने पुढे आणखी एक गोष्ट केली. ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसवले गेले. भाई माधवराव बागल यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पण त्याच्या पंचवीस वर्षे आधी, दसरा चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका बागेच्या कोपऱ्यात आपल्या माणसांनी सुरुवात करून ठेवली होती.

आपली समाधी नर्सरी बागेत व्हावी अशी इच्छा शाहू महाराजांनी व्यक्त केली होती. छत्रपती घराण्याची मंदिरे या बागेत आहेत. महाराजांची ती इच्छा महानगरपालिकेने बांधलेल्या समाधिस्थळाच्या रूपाने पूर्ण झाली, ती जानेवारी २०२० मध्ये. गंगाराम कांबळे यांना जे तीन वर्षांत सुचले आणि जमले, ते शहराला अठ्ठ्याण्णव वर्षांनी जमले. हा टोमणा नव्हे, हिशेब आहे. ज्यांच्याकडे सत्ता होती, पैसा होता, जागा होती, त्यांना आठवण ठेवण्याची घाई नव्हती.

५

बागेच्या विचारात आणखी एक प्रश्न येतो आणि तो टाळता येणार नाही. ज्यांनी इतरांच्या बागा वाढवल्या त्यांच्या स्वतःच्या बागा का नाहीत? महाराष्ट्रात कोणत्याही गावी जा. पाटलाची आमराई असते, देवस्थानची असते, इनामदाराची असते. महारवाड्याची आमराई अपवादानेच आढळते. आळस, अज्ञान, दूरदृष्टीचा अभाव अशी कारणे सांगणारे लोक आजही भेटतात. खरे कारण जमिनीच्या हक्कात आहे.

करवीरचे अमात्य रामचंद्रपंत यांच्या नावावर असलेले आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. त्यात झाडांविषयीचा भाग प्रसिद्ध आहे आणि पर्यावरणाच्या भाषणांत तो नेहमी येतो. आरमाराला लाकूड लागते, तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत, कारण अशी झाडे वाढायला फार काळ लागतो. घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा हा विचार थोर आहे यात शंका नाही. पण त्यातील धनी हा शब्द पाहा. झाडाला संरक्षण धन्यामुळे मिळते. ज्याला झाडाचा धनी होताच येत नाही त्याला या आज्ञेचा उपयोग काय?

महाराला धनी होता येत नव्हते, कारण त्याची जमीन वतनाची होती. हाडकी-हाडोळा म्हणून ओळखली जाणारी ही जमीन बहुधा हलकी असे, ती साऱ्या भाऊकीत सामाईक असे आणि पिढीगणिक तिचे तुकडे होत. तिच्या बदल्यात गावची आणि सरकारची चाकरी करावी लागे: निरोप नेणे, सारा पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, अंमलदारापुढे धावणे. वेळ रात्रीची असो वा दिवसाची, बोलावणे आले की निघायचे. चाकरीत खोट निघाली तर जमीन जाण्याची भीती. अशा जमिनीत कोण आंबा लावील? ज्याला पुढच्या सुगीची खात्री नाही तो जोंधळा पेरतो. आंबा लावायला नातवाची जमीन नातवाकडेच राहील असा भरवसा लागतो. महारवाड्यात आमराई नाही याचा अर्थ एवढाच की हा भरवसा आपल्या पूर्वजांना कधी मिळालाच नाही.

शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानात महार वतन खालसा करून त्या जमिनी व्यक्तिशः रयताव्याने महारांच्या नावे केल्या. हा निर्णय या दृष्टीने क्रांतिकारक होता. ब्रिटिश मुलखात डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. ते संमत होऊ शकले नाही. पुढे १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने ही वतने राज्यभर संपली. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमिनी मूळ वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या दुसऱ्याला देता येत नाहीत अशी अटही लागली. या अटीला दोन बाजू आहेत. तिने कितीतरी जमिनी सावकाराच्या घशात जाण्यापासून वाचवल्या. आणि तिच्याच नावाखाली आपल्या माणसाला कर्ज नाकारले गेले, उताऱ्यासाठी खेटे घालावे लागले, आणि शेवटी जमीन भलत्याच्याच ताब्यात गेल्याचे कळले. २०२५ साली पुण्याजवळ मुंढव्याच्या महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. तेव्हा अनेकांना हा शब्द प्रथमच ऐकू आला. शहरे वाढली तशी गावाबाहेरची ही हलकी जमीन सोन्याच्या मोलाची झाली. ज्या जमिनीत आमच्या आजोबांना झाड लावण्याची उमेद नव्हती, तिच्यासाठी आज कोणकोण रांगेत उभे आहेत ते आपण पाहतो आहोत.

६

आता वारसा या शब्दाकडे येऊ. कोल्हापुरात या शब्दाला अलीकडे मोठा मान आहे आणि त्याचे कारणही आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा साऱ्या शहराला घरातले माणूस गेल्यासारखे दुःख झाले. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेली ती वास्तू होती. ते दुःख आमचेही होते. झाडांनाही आता कायद्याने हा मान मिळाला आहे. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील वृक्षांविषयीच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरले. ही दुरुस्ती चांगली आहे. शहरातील आपल्या वस्त्यांमध्ये सावली कमीच असते, म्हणून तिची गरज आपल्याला अधिक आहे.

परंतु झाडाचे वय मोजणाऱ्यांनी त्याच्याखालच्या माणसांचेही वय मोजावे. पन्नास वर्षांचे झाड वारसा ठरते. त्याच झाडाशेजारी तीन-चार पिढ्या राहिलेली वस्ती मात्र सौंदर्यीकरणाच्या आराखड्यात अडथळा म्हणून दाखवली जाते. सिद्धार्थनगरसारख्या वस्त्यांतील जीवन हे केवळ हालअपेष्टांचे जीवन नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १४ एप्रिलची तयारी महिनाभर आधी सुरू होते. २६ जूनला शाहू जयंती आपल्याच घरचा सण असल्यासारखी साजरी होते. ६ डिसेंबरला मुंबईस जाण्यासाठी वर्गणी निघते. पोरांची परीक्षा, कोणाचे बाळंतपण, कोणाची शेवटची यात्रा, सगळ्याला शेजार लागतो आणि शेजार मिळतो. बोर्डिंगात शिकून नोकरीला लागलेल्या पहिल्या पिढीने मागच्यांसाठी पुस्तके ठेवली. हे सारे वारशात जमा होत नाही, कारण त्याला चुना लावून फलक बसवता येत नाही.

म्हणून शेवटी काही कामे सुचवतो. ती मोठ्या निधीची नाहीत. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून ती एका वर्षात करू शकतील.

पहिले काम वयोवृद्धांना ऐकण्याचे. प्रत्येक वस्तीत ऐंशीच्या पुढची चार-दोन माणसे असतात. त्यांना चळवळीतील मोठ्या सभांविषयीच विचारू नये. पाणी कोठून आणत, कोणाच्या मळ्यात जात, मजुरी धान्यात मिळे की पैशांत, कोणत्या विहिरीवर चढता येत नसे, कोणत्या झाडाचे पडलेले फळ उचलता येत असे, हे विचारावे. स्त्रियांना आधी विचारावे. बागेतले आणि पाण्याचे काम त्यांना अधिक माहीत असते. दुसरे काम कागदांचे. वतनाचे जुने उतारे, फेरफार, पावत्या, चाकरीचे हुकूम घरोघरी पत्र्याच्या पेटीत आहेत. वाळवीने खाण्याआधी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. तिसरे काम बोर्डिंगांच्या नोंदवह्यांचे. कोणत्या गावचा कोणता मुलगा कोणत्या साली आला, पुढे काय झाला, एवढी यादी केली तरी एका समाजाच्या प्रवासाचा नकाशा तयार होईल. चौथे काम नावांचे. वस्तीचे जुने नाव, नवे नाव, बदलल्याचे साल आणि त्यासाठी झटलेली माणसे यांची नोंद करावी. पाचवे काम झाडांचे. वस्तीतील आणि भोवतीची जुनी झाडे मोजावीत, ती कोणी लावली आणि कोणी वाढवली हे विचारावे, आणि महानगरपालिकेच्या वृक्षनोंदीत ती आली आहेत की नाहीत ते पाहावे.

या कामात एक पथ्य पाळले पाहिजे. गौरवासाठी काही वाढवून लिहू नये. आपल्या विरोधकांनी पोथ्यांमध्ये हवे ते लिहिले, म्हणून आपणही तसेच करावे हे तर्काला आणि बाबासाहेबांच्या शिकवणीला धरून नाही. सांगणाराने जे पाहिले ते पाहिलेले म्हणून, जे ऐकले ते ऐकलेले म्हणून लिहावे. खरे तेवढेच आपल्याला पुरेसे आहे.

नर्सरी बागेतील त्या पहिल्या स्मारकाला २०२५ साली शंभर वर्षे झाली. ते उभारणाऱ्यांत अक्षर ओळखणारे थोडेच असतील. त्यांनी दगडात जे करता आले ते केले. आपल्या हातात लेखणी आहे. आपापल्या वस्तीची, आपापल्या गावाच्या विहिरीची आणि मळ्याची अशी नोंद ज्यांनी केली असेल त्यांनी ती या पानांकडे पाठवावी. कच्ची असली तरी चालेल.